बोरूचं बेट आणि माझी पाटी

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्या वर्षी मी सौंसरजवळच्या एका खेड्यात नवा मास्तर होतो. आता सगळं आपलं आहे, हे लोकांना समजावून सांगायची मला फार हौस. शाळेमागचं उथळ तळं मालगुजाराचं होतं, ते सरकारी झालं. लगेच मी काठावर पाटी ठोकली: तळ्यातल्या कशालाही हात लावू नये. पाटी लाव असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

गावातल्या गोठ्यांचं घाण पाणी ज्या नालीनं तळ्यात यायचं, तिच्या तोंडाशी बोरूचं दाट बेट होतं. एक म्हातारी दरवर्षी दिवाळीनंतर पाण्यात उतरून ते कापायची, भारे घरी न्यायची आणि चटया विणून सौंसरच्या बाजारात विकायची. ती विचारायला आली तेव्हा मी तिला पाटी वाचून दाखवली, वर स्वातंत्र्यावर चार शब्द ऐकवले. ती विळा पदराखाली घेऊन परत गेली.

बोरू उभाच वाळला, पाण्यात पडून कुजला. पुढच्या वर्षी पाण्यावर हिरवा थर धरला. त्याच्या पुढच्या वर्षी मासे उलटे तरंगले, म्हशी तोंड फिरवू लागल्या आणि बायकांना पाण्यासाठी पार नदीवर जावं लागलं. इतकी वर्षं गोठ्यांच्या घाणीतला सगळा कस बोरू शोषून घेत होता आणि म्हातारी तो भाऱ्याभाऱ्यानं बाहेर काढत होती, हे मला तेव्हा उमगलं. मला लाज वाटली. तरी मास्तरकी सुटेना. मी कापणीच्या परवानगीसाठी नागपूरला रीतसर अर्ज केला.

उत्तर यायच्या आत प्रांतांची फेररचना झाली. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो, आणि माझा अर्ज कुठे राहिला देव जाणे. मग भोपाळला हिंदीतून लिहिलं. तिकडूनही काही नाही. शेवटी मीच पाटी उपटली आणि म्हातारीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"कागद पाह्यजे मले," ती म्हणाली. "बिना कागदाची आता मी पाण्यात नाही उतरत."

तिला अक्षरओळख नव्हती. मी शाळेतल्या कागदावर परवानगी लिहिली, खाली झोकदार सही केली आणि भोपाळहून आली म्हणून तिच्या हातात दिली. तिनं तो कागद उलटसुलट पाहिला, घडी करून कनवटीला खोचला आणि विळा काढला.

कापताना ती पाण्यावर वीतभर बुडखा ठेवायची. पाण्याखाली कापलं तर बेट गुदमरून मरतं, असं तिनं मला दोनदा बजावलं, कारण भारे ओढायला मी होतो आणि मध्येच शहाणपणा करत होतो. असे तीन हंगाम गेले. पाणी हळूहळू निवळलं. काठाशी तळाची माती दिसायला लागली, म्हशी पुन्हा तोंड लावू लागल्या.

मला मात्र ते खोटं टोचत राहिलं. तिसऱ्या वर्षी भारा बांधता बांधता मी सांगून टाकलं की आजी, तो कागद सरकारचा नव्हता, माझाच होता.

तिनं गाठ आवळली. मग म्हणाली, "माहीत हाये मले. सरकारनं कवा अडवलं होतं, गुरुजी? तुमीच अडवलं. मंग कागदही तुमचाच पाह्यजे होता."