न विचारता ठरलेलं बिऱ्हाड

रंगूबाई उसाला पाणी पाजत होती. एक सरी भरली की खोऱ्यानं बांध फोडायचा आणि पाणी पुढच्या सरीत घ्यायचं, अशी तिची सकाळ चालली होती. तेवढ्यात तिचा चुलतदीर नाथाजी बांधावर येऊन उभा राहिला. त्यानं ऊस बघितला, विहीर बघितली, बाजारात जनावर बघावं तशी मोटेची बैलं बघितली आणि मग सांगितलं, "वैनी, फुडल्या पाळीला तुमी नगा येऊ. रान आता माज्याकडं हाय. लालासायबानं निम्म्या वाट्यानं दिलंय. तुमी सांगलीला निगालाय न्हवं?"

रंगूबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवरा, सासू आणि लेक राही यांच्याबरोबर एकाच छपराखाली राहून आपलं बिऱ्हाड हलणार ही गोष्ट तिला दुसऱ्याच्या तोंडून कळत होती. सरीतलं पाणी ओसंडून बांधावर आलं तरी तिचं खोरं हलेना.

तिचा राग समजायचा तर थोडं मागं जायला हवं. सन चाळीसमध्ये लालासाहेब पलटणीत भरती झाला. आधी आफ्रिका, मग इटली, आणि लढाई संपून शेहेचाळीस साली हवालदार होऊन घरी आला. मधली सगळी वर्षं, कडेगावच्या अलीकडच्या एका लहानशा गावात, हे रान रंगूबाईनं राखलं. मोट हाकणारा गडीही पुढं पलटणीत गेला, तेव्हा ती स्वतः मोटेवर उभी राहिली. बाईनं मोट हाकायची म्हणजे गावाला बोलायला विषयच मिळाला. काही जण वाट वाकडी करून बघायला येत. एका म्हाताऱ्यानं तर थेट विहिरीवर येऊन, बाईनं मोट हाकली की पाणी आटतं, असं बजावलं. पाणी काही आटलं नाही. तिनं भाजी-माळव्याच्या जागी ऊस केला, तोडलेल्या उसाच्या बुंध्यांवर खोडवा राखला, गुऱ्हाळ घातलं, आणि गुळव्यानं पाक घाईनं उतरवला तर त्यालाही सुनावलं. राही तेव्हा बांधावर खेळत वाढली. हे सगळं परत आल्यावर नवऱ्यानं डोळे भरून बघावं, एवढीच तिची हौस होती. आणि त्यानं बघितलं ते एका सकाळी, नाथाजीला बरोबर घेऊन, ती धुणं धुवायला ओढ्यावर गेली असताना.

घरी आल्यावर तिनं खोरं भिंतीला टेकवलं आणि नवऱ्याला विचारलं. लालासाहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं समजुतीनंच सांगायला सुरुवात केली. सांगलीच्या एका कापडगिरणीत राखणदारांवर जमादार म्हणून त्याला नोकरी मिळाली होती. पलटणीतल्या साहेबाची चिठ्ठी कामी आली होती. गावात शाळा चौथीपर्यंत, राहीला पुढं शिकवायचं होतं. इटलीत त्यानं गावाबाहेरची टुमदार घरं बघितली होती, खिडकीत फुलझाडं, आत उजेड, आणि तेव्हापासून शेणामातीच्या अंधारात परत राहायला त्याचं मन घेत नव्हतं. आईला काही गाव सुटायचं नाही, ती नाथाजीच्या घरात राहील, तेही त्यानं ठरवून टाकलं होतं. शेवटी तो म्हणाला, "तुजं हाल मला बगवत न्हाईत."

रंगूबाई म्हणाली, "हाल झालं तवा तुमी हितं न्हवता. आता बरं चाललंय, तर तुमास्नी बगवंना झालंय."

पण त्या वेळी ती गेली. सहा वर्षांनी धडधाकट परत आलेल्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं, हा एक भाग, आणि राहीची शाळा हा दुसरा. निघताना सासू साळूबाई नाथाजीच्या उंबऱ्यात उभी राहिली. तिलाही कुणी काही विचारलं नाही.

सांगलीत पहिलं बिऱ्हाड पेठेतल्या एका माडीवर झालं. खाली तेलाचं दुकान, वर दोन खोल्या. पाण्याला मालकिणीच्या परवानगीनं जायचं, तेही तिची धुणीभांडी उरकल्यावर. एके दिवशी रंगूबाईनं दोन घागरी जास्त भरल्या, तर मालकिणीनं जिन्यात तिला ऐकवलं की खेड्यातल्या लोकांना पाण्याची किंमत नसते. ज्या बाईनं बैलांच्या शेपट्या धरून पाण्याचा थेंब थेंब वर काढला होता, तिला हे ऐकून घ्यावं लागलं. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, शहरात थोडं सोसायला लागतं, आणि आपण इथं थोडेच कायमचे राहणार आहोत.

पुढच्या वर्षी तो तिला घेऊन गेला ते शहराबाहेर नव्यानं वसलेल्या वसाहतीत. हे त्याचं खरं स्वप्न होतं. सुटी सुटी कौलारू घरं, प्रत्येकापुढं थोडी मोकळी जागा, कोपऱ्यावर नळ, घरात विजेचा दिवा. राहीला शाळा जवळ पडायची. लालासाहेब सायकलवरून गिरणीत जाताना मागं वळून घराकडं बघायचा. रंगूबाईला मात्र तिथं करायला काहीच उरलं नव्हतं. दळण पिठाच्या चक्कीतून यायचं, दूध दारात यायचं. शेजारच्या बाया दुपारी दारं लावून झोपायच्या. ना धड गाव, ना धड शहर. शेवटी एके सकाळी तिनं दुधवाल्याकडून शेण मागून घेतलं, अंगण सारवलं आणि उरलेल्याच्या चार शेणी कुंपणाला थापल्या.

दुपारी वसाहतीचे चिटणीस चिंतामणराव आले. धुतलेलं धोतर, हातात छत्री. त्यांचं बोलणं सभ्यच होतं.

"बाई, इथं सगळी शिकलेली कुटुंबं राहतात. हे असलं गावाकडं ठीक. इथं शोभत नाही."

रंगूबाईनं विचारलं, अंगण कुणाचं? ते म्हणाले, अंगण तुमचंच, पण नियम सगळ्यांचे. नियम कुणी केले, तर सभासदांनी. आणि सभासद म्हणजे घरटी एक पुरुष. लालासाहेबानं सही केली होती. संध्याकाळी त्यानंच स्वतःच्या हातानं शेणी काढून टाकल्या. खाली मान घालून काढल्या, हे तिला दिसलं. पण राग त्यानं कमी झाला नाही.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली तेव्हा ती चार दिवसांसाठी म्हणून गावी आली. मोटारीतून उतरल्यावर घरी न जाता सरळ रानात गेली. ऊस कंबरेएवढा राहिला होता. तण त्याहून जोमात. नाथाजी आधी स्वतःच्या रानाला पोटभर पाणी द्यायचा आणि उरलंसुरलं इकडं सोडायचा, हे सऱ्यांच्या भेगाच सांगत होत्या. तिची बैलं तो स्वतःच्या मोटेला जुंपत होता, एकाच्या खांद्याला जखम होऊन माशा बसत होत्या. रंगूबाईनं ती बैलं सोडली, घरी आणली, हळद-तेल लावलं आणि बंद घराचं कुलूप काढून चूल पेटवली. चार दिवस झाले, आठ झाले, ती परत गेली नाही.

नाथाजीनं गावातली चार वडीलधारी माणसं जोतिबाच्या देवळात जमवली आणि लालासाहेबाला निरोप धाडला. तो आला. नाथाजीचं म्हणणं सरळ होतं, शब्द पुरुषानं दिलाय, बाईनं तो मोडायचा नसतो. म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या. नवरा सांगलीत आणि बायको इथं, हा कुठला संसार, असंही एक जण म्हणाला.

रंगूबाई देवळाच्या पायरीखाली उभी होती. तिथूनच ती बोलली.

"सा वर्सं न्हवरा मुलखाबाहीर हुता आन् मी हितं एकली. तवा ह्यो कुठला संसार, म्हून कुनी इचारलं न्हाई. आता सांगली मोटारीवर हाय, तर तुमास्नी संसाराची काळजी लागली. रान द्यायचं ठरलं, मला इचारलं न्हाई. माडी घेतली, वसाहत घेतली, न्हाई इचारलं. आता मीच सांगती. ह्यास्नी तिथं ऱ्हायाचंय, खुशाल ऱ्हावं. मी रान सोडनार न्हाई."

लालासाहेबानं फेटा सारखा केला. मग त्यानं नाथाजीला सांगितलं की रानातनं हात काढ, ती बघंल. नाथाजी तणतणत उठून गेला. पण बाहेर आल्यावर नवऱ्यानं तिलाही बजावलं, "मी परत येनार न्हाई. आन् राहीची शाळा सुटनार न्हाई. ती माज्यापशी ऱ्हाईल."

हे तिला भोगावं लागलं. महिन्याभरानं ती सांगलीला गेली तर राहीच्या मनगटापर्यंत चिंध्या बांधलेल्या. भाताची पेज काढताना हात भाजला होता. शाळेच्या आधी लेकीनं बापाचा डबा करायचा, असं तिथं चाललं होतं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. रंगूबाई नवऱ्याला नाही नाही ते बोलली. म्हणाली, मला मोटेवरनं उतरवून पोरीला चुलीला जुंपलीत. तो म्हणाला, मग तू का इथं नाहीस? हे ऐकून ती अधिकच चिडली. परत येताना मोटारीत सारा वेळ तिचे डोळे वाहत होते.

गावी आल्यावर हे सगळं तिनं साळूबाईला सांगितलं. लालासाहेबाची आई नाथाजीच्या घरातून एव्हाना तिच्याकडं परत आली होती. रंगूबाई म्हणाली, "आत्याबाई, तुमास्नी गाव सुटायचं न्हाई, न्हाईतर..."

"कुनी सांगिटलं?" म्हातारी म्हणाली. "त्यो बी त्येच म्हनला, तू बी त्येच म्हनतीस. मला कुनी इचारलंय व्हय? नवरी हून आल्यापास्नं आडाचं पानी वढतीया. ती तोटी फिरवून पानी येतंय म्हनत्यात, ते मला मरायच्या आदी बगायचं हाय."

ज्या गोष्टीवरून रंगूबाईनं देवळात सगळ्यांना सुनावलं होतं, तीच गोष्ट तिनं स्वतः सासूच्या बाबतीत केली होती.

साळूबाई वसाहतीत गेली आणि रमली. दुपारी दारं लावून झोपणाऱ्या बायांना तिनं उठवून ओट्यावर बसवलं. अंगणात वांगी लावली. चिंतामणराव बोलायला आले, तर त्यांच्याच छत्रीत चार वांगी टाकून दिली. राही शाळेला वेळेवर जाऊ लागली. गावच्या जत्रेला चला म्हटलं तरी म्हातारी म्हणायची, "तुमी जावा. मला हितं लय बरं हाय." लालासाहेब सुट्टीला मोटारीनं गावी यायचा आणि उसाची नवी लागण बघून मुकाट्यानं बायकोच्या हाताखाली सऱ्यांत पाणी धरायचा.

लोकांच्या तोंडाला मात्र हात कोण लावणार? एकोणपन्नास साली विट्याला लालासाहेबाच्या चुलतबहिणीच्या घरी लग्न होतं. तो सांगलीहून आला, रंगूबाई गावाहून. सवाष्णींच्या ओट्या भरताना घरच्या बाईनं रंगूबाईला ओलांडून पुढच्या बाईची ओटी भरली. कुणी विचारलं, तर हळूच, पण ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, की टाकलेल्या बाईची ओटी भरत नसतात.

रंगूबाई उभी राहिली. पदर सारखा करून म्हणाली, "मला कुनी टाकलं न्हाई. मी माज्या घरात ऱ्हाती, त्ये त्यांच्या घरात ऱ्हात्यात." आणि चपला घालून बाहेर पडली.

पुरुषांची पंगत अंगणात बसली होती. ताटं वाढून झाली होती. लालासाहेबाला आतलं ऐकू गेलं होतं. तो पानावरून उठला. बहिणीचा नवरा धरायला धावला, त्याचा हात त्यानं बाजूला केला, डोक्याला फेटा बांधला आणि बायकोमागोमाग निघाला.

मोटार अड्ड्यावर दोघं न जेवताच उभे राहिले. त्यानं समोरच्या दुकानातून शेंगा-गूळ आणला आणि तिच्या ओच्यात ओतला. कडेगावची मोटार आधी आली. तिला खिडकीजवळ बसवून तो खाली उतरला आणि तासगाववरून सांगलीला जाणाऱ्या मोटारीची वाट बघत थांबला.