तिच्या नावाची वेळ

माझा नवरा खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाला आणि लगेच माझ्या दवाखान्याचं व्यवस्थापन बघू लागला. मी दातांची डॉक्टर. दहिवलीतला माझा दवाखाना इतकी वर्षं व्यवस्थापनाशिवाय छान चालला होता. बाहेर बाकावर लोक बसत, आत मी काम करी. कुणाच्या आधी कोण, हे बाकावरच ठरे. भांडण झालंच तर मी बाहेर येऊन एकदा ओरडायचे, की मिटायचं.

नवऱ्याला हा सगळा रानटी कारभार वाटला. त्याने काउंटरवर कॉम्प्युटर बसवला आणि त्यात एक कॅलेंडर घातलं. पडद्यावर आठवडाभराचे चौकोन, अर्ध्या अर्ध्या तासाचे. फोन आला की हा कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा, एका चौकोनात नाव टाइप करायचा आणि जड आवाजात सांगायचा, ‘तुमचा स्लॉट बुक झालाय.’ पलीकडचा माणूस बांधावर म्हशी राखत उभा असला तरी त्याचा स्लॉट बुक व्हायचा. पेशंट आला की चौकोन हिरवा करायचा, नाही आला की लाल. दवाखाना बंद करताना तो मला बोलावून त्या दिवसाचे हिरवे चौकोन दाखवी. हा माणूस कारखान्यात दिवसभर काय करत असेल, याची मला तेव्हा पहिल्यांदा नीट कल्पना आली.

आमच्या भागातली एक रीत मात्र ते कॅलेंडर बनवणाऱ्या शहाण्यांना कुणी सांगितली नव्हती. इथे लोक नंबर लावतात. दवाखान्याच्या दारात चप्पल किंवा पिशवी ओळीत ठेवायची आणि बाजार करून यायचं. चप्पल ज्या घरची, नंबर त्या घरचा. सकाळी सुनेने लावलेल्या नंबरावर दुपारी सासरा तपासून गेला तर कुणाला काही वाटत नाही. नंबर फुकट घालवला तर मात्र वाटतं. अपॉइंटमेंट म्हणजे फोनवरून लावलेला नंबर, एवढाच अर्थ लोकांनी घेतला. नवरा चौकोनात माणूस लिहायचा आणि येताना घरातलं कुणीही यायचं. अक्कलदाढ काढायला म्हणून लिहिलेल्या तरण्या गड्याच्या जागी त्याची तोंडाचं बोळकं झालेली आजी आली, तेव्हा मी हसले. नवऱ्याने शांतपणे चौकोन हिरवा केला.

पुढे हसू थांबलं ते एका मुलीमुळे. ती खालापूरकडच्या एका गावातली सून, कंपनीत पॅकिंगला जाणारी. बुधवारी तिला सुट्टी. खालची दाढ आतून किडली होती, पण वाचण्यासारखी होती. मी रूट कॅनाल सुरू केलं, आत औषध भरलं आणि वरून तात्पुरतं सिमेंट लावलं.

‘काढावी नाय लागणार ना, मॅडम?’ तिने विचारलं. ‘माझ्या आईचं तोंड चाळिशीतच रिकामं झालं. माझं पण तसंच होईल, ही भीती वाटते.’

‘पुढच्या बुधवारी आलीस तर नाही लागणार,’ मी म्हटलं. ‘हे सिमेंट फार टिकत नाही. तू स्वतः यायचं.’

पुढच्या बुधवारी तिच्या वेळेला तिची सासू आली.

‘घरी पावणे हायत, तिला येता येत नाय,’ ती खुर्चीत बसत म्हणाली. ‘म्हटलं नंबर कशाला फुकट घालवा. ही कवळी टोचते, ती बघा.’

मी कवळी घासून दिली. त्यानंतरच्या बुधवारी नणंद आली, कारण तिला बघायला पाहुणे यायचे होते आणि दात स्वच्छ करून हवे होते. मग पुन्हा सासू आली. दर वेळी सून स्वतः फोन करून स्वतःच्या नावाने वेळ घ्यायची, आणि दर वेळी ती वेळ घरातलं दुसरं कुणीतरी वापरून जायचं. नवरा सगळे चौकोन हिरवे करत होता.

‘अहो, ती आलेली नाही,’ मी त्याला म्हटलं.

‘नाव जुळतंय, वेळ जुळतेय,’ तो म्हणाला.

‘तोंड जुळत नाहीये.’

तोंडासाठी त्या कॅलेंडरात जागा नव्हती. उलट महिना संपल्यावर कॉम्प्युटरने आपणहून त्या मुलीला मेसेज धाडला, की दातांची अशीच नियमित काळजी घेत राहा. नवऱ्याने तो मला कौतुकाने वाचून दाखवला.

पुढच्या बुधवारी परत सासूच दारात दिसली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

‘मावशी, ही वेळ तुमच्या सुनेची आहे. तिला बोलवा. ती येईपर्यंत मी तुमच्या कवळीला हात लावणार नाही.’

‘ती काय नि मी काय, डाक्टरीणबाई. घर एकच हाय ना?’

‘घर एक असेल. दाढ तिची आहे.’

सासू बाकावर पाठ फिरवून बसली आणि मोबाइलवर सुनेला म्हणाली, ‘ये गं बाई, तुझ्याबिगर हितं काय कुणाचं चालत नाय.’ नवरा आतबाहेर करत राहिला, मग मान खाली घालून त्याने सुनेचा चौकोन माऊसने ओढून पुढच्या वेळेवर सरकवला.

सून दिराच्या मोटारसायकलवरून आली. हाताला पीठ तसंच होतं. मी तोंडात आरसा घातला आणि बघितलं. सिमेंट कधीच निघून गेलं होतं आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. आता काढण्याशिवाय इलाज नव्हता. तिला सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. इंजेक्शन देताना, दाढ काढताना मी सासूला जे तोंडाला येईल ते बोलत होते. वाचणारी दाढ तुमच्या घराने घालवली, हेही बोलले. सासू दाराशी उभी राहून ऐकत होती.

मी कापसाचा बोळा ठेवला, हात धुतले. नवऱ्याने दारातून डोकावून सांगितलं की सुनेच्या चौकोनातली अजून दहा मिनिटं शिल्लक आहेत.

सून खुर्चीतून उठली. ओढणीने तिने खुर्चीची उशी पुसली आणि बोळा दाताखाली धरून कसंबसं म्हणाली, ‘माझ्या टायमातलं उरलंय ना, मॅडम? मग आईंची कवळी बघून घ्या. त्यांना परत फेरा नको.’ आणि सासूचा हात धरून तिने तिला खुर्चीत बसवलं.

सासूवर मी इतकी ओरडले होते, पण खरा राग मला त्या क्षणी या मुलीचा आला. असा राग की डोळ्यांत पाणी आलं. तरी मी कवळी हातात घेतली, कारण वेळ तिची होती आणि ती कुणाला द्यायची ते तिने सांगितलं होतं.