पुस्तक मधनं मोडून बघणारे अण्णा

पुस्तक हातात दिलं की अण्णा ते बरोबर मधोमध उघडायचे. मुखपृष्ठ बघायचं नाही, मागचा मजकूर वाचायचा नाही. चष्मा कपाळावर ढकलायचा, पान नाकाजवळ धरायचं, अर्धं पान वाचायचं, आणि मग एकतर पुस्तक काखेत मारायचं नाहीतर माझ्याकडे परत सरकवायचं.

"वरनं सगळीच पिवळी दिसत्यात, ताई. मधनं मोडून बघायला पायजे."

ही मूळची हळकुंडांची परीक्षा. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांनी जन्मभर हळदीची अडत चालवली. पोतं उघडलं की एक हळकुंड उचलायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा आणि मग भावाची गोष्ट काढायची. पुढे दुकान मुलाच्या हातात गेलं. तरी सकाळी थोडा वेळ तिथे बसून ते त्याला सूचना करायचे. मुलगा घड्याळाकडे बघू लागला की उठायचे आणि माझ्या वाचनालयात यायचे.

मी तिथली ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडण्यापासून पंखा दुरुस्त करून घेण्यापर्यंत सगळं. मला कामं ठरलेल्या क्रमाने झालेली आवडतात, आणि अण्णा हा क्रमाने येणारा माणूस होता. आधी वर्तमानपत्र, मग नवीन आलेल्या पुस्तकांचा कप्पा, मग माझं टेबल. त्यांना रहस्यकथा, थरारकथा आणि भुताखेतांच्या कादंबऱ्या लागायच्या. त्या संपल्या तरच बाकीचं काही. प्रवासवर्णनाला ते 'पथ्याचं' म्हणायचे.

अण्णा जैन. कांदा-लसूण घरात नाही, चालताना मुंगी दिसली की पाय तसाच वर राहायचा. असा माणूस आठवड्याला तीन-चार खून मिटक्या मारत वाचतो, याची आमच्याकडे सगळ्यांना गंमत वाटायची. कुणी छेडलं तर त्यांचं उत्तर तयार असायचं. सूर्य मावळायच्या आत आमचं जेवण उरकतं. पुढची एवढी मोठी संध्याकाळ माणसानं काय भिंतीकडं बघत काढायची? आणि पुस्तकातल्या माणसाला जीव नसतो, त्यामुळे हिंसा लागत नाही.

पुस्तक परत करताना ते निकाल द्यायचे. "खून पक्का हाय, भूत कच्चं." कच्चं म्हणजे नीट न शिजलेल्या हळकुंडासारखं. एका नव्या कादंबरीत घाटातल्या बंगल्याच्या भिंती आपोआप हलायच्या आणि घरातली माणसं किंचाळत सुटायची. अण्णांनी ती दुसऱ्याच दिवशी आणून दिली. त्यांची मावसबहीण कोयनानगरला असते. तिथं भूकंपानं भिंत हालली तर 'आला वाटतं' म्हणतात आणि चहाचा कप तेवढा हातात धरून ठेवतात, सांडू नये म्हणून. लेखकानं कोयनेला एक मुक्काम करायला पाहिजे होता, असं त्यांचं मत पडलं.

बर्फाळ देशांतल्या पोलिसांच्या कादंबऱ्यांची भाषांतरं हल्ली बरीच येतात. तीही त्यांनी ओळीनं संपवली. मग एकदा टेबलाशी वाकून, खासगी काही विचारावं तसं विचारलं, "आवं ताई, तिकडं एकाबी फौजदाराची बायको टिकत न्हाई. का वं?"

तुमच्या गावच्या वाचनालयातही हे पाहिलं असेल. नेहमीचे वाचक पुस्तकात आपली खूण करून ठेवतात, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी जात नाही. कुणी एकविसाव्या पानावर टिंब देतं, कुणी कोपऱ्यात आद्याक्षर लिहितं. थरारकथांना ही खूण लागतेच, कारण त्यांची नावं एकसारखी. अण्णांची खूण म्हणजे शेवटच्या पानावर अंगठा. दुकानातून आल्यामुळे अंगठ्याला हळद असायचीच. पुस्तक संपलं की ते तो दाबायचे. मी रागावले, तर म्हणाले की हळद आहे, पुस्तकाला कसर लागायची नाही, उलट मीच त्यांचे आभार मानायला पाहिजेत. मी आभार मानले नाहीत. पण तो कप्पा खरोखरच कसरीवाचून राहिला, हेही सांगून टाकते.

वर्षातले दहा दिवस मात्र ते खुनाला शिवायचे नाहीत. आमच्याकडे गणपती बसतात त्याच दिवसांत त्यांचं पर्युषण असतं. त्या पर्वात कुणी गोड सोडतं, कुणी एकवेळ जेवतं. अण्णा रहस्यकथा सोडायचे. मग मी त्यांना नर्मदेकाठची किंवा हिमालयातली प्रवासवर्णनं काढून द्यायची, आणि ते वाचनालयाच्या बाकावर जांभया देत ती वाचायचे. अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर.

त्यांचा एक दोष मात्र मोठा होता. ते शेवट सांगून टाकायचे. कुणी पुस्तक हातात घेतलं की मागून आवाज यायचा, 'घ्या घ्या, चांगलं हाय, भाच्यानंच मारलंय.' तक्रारी आल्या. एका निवृत्त मास्तरांनी तर लेखी दिली. मग मी 'कृपया पुस्तकाचा शेवट सांगू नये' अशी पाटी रंगवून घेऊन थरारकथांच्या कप्प्याला लावली. अण्णांनी ती वाचली आणि रंगाऱ्याचं अक्षर चांगलं आहे म्हणाले. सवय गेली नाही.

पुढे एका वर्षी उन्हाळ्यानंतर ती गेली. अण्णा पुस्तक आणून द्यायचे, 'बरं हाय' म्हणायचे आणि दुसरं घ्यायचे. ना निकाल, ना शेवट. मास्तर खूष झाले. पाटीचा गुण आला असं सगळ्यांनी ठरवलं आणि मीही ठरवलं.

मग गणपतीच्या दिवसांत ते आले आणि नवीन कप्प्यातली एक भयकथा उचलून माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, कुणासाठी तरी नेत असतील. शेजारी माणसं होती म्हणून मी हळूच विचारलं, "अण्णा, पर्व चालू आहे ना?"

त्यांनी पुस्तकावरचा हात भाजल्यासारखा उचलला. "व्हय की," एवढंच म्हणाले आणि काहीही न घेता गेले. त्यांना रिकाम्या हातानं जाताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी परत केलेलं एक पुस्तक मी नेहमीसारखं चाळलं. शेवटच्या पानावर अंगठा होता. त्याच्या शेजारी आणखी एक होता, जुना, फिकट. नेताना तो दिसला असता तर त्यांनी पुस्तक नेलंच नसतं. आणि नेलं तरी दोन पानांत ओळखून परत आणलं असतं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्यानं वाचलं होतं. मी मान वर केली, तर ते तिथेच उभे होते. त्यांनीही ते पान पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाचनालयात कुणी नसताना, ते खुर्ची ओढून बसले. त्यांचे थोरले बंधू असेच विसरायला लागले होते म्हणे. आधी किल्ली, मग हिशेब, मग माणसं. शेवटी शेवटी चार पाहुण्यांत ते स्वतःच्या बायकोला विचारायचे, बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या? वहिनी तोंडाला पदर लावून आत जायच्या. हे अण्णांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

"आता एक करा," ते म्हणाले. "मी पुस्तक आणून दिलं की मला विचारायचं, खून कुणी केला."

मी विचारू लागले. पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा आधी डॉक्टरचं नाव घेतलं, मग मेव्हण्याचं, मग दोन्ही नावं परत घेतली. तिसऱ्यांदा मुखपृष्ठाकडे बघितलं आणि म्हणाले, "त्यात खून हाय का?"

मी अशा वेळी रडत बसणारी नाही. मी कामं वाटून टाकते. मिरजेला मेंदूचे चांगले डॉक्टर कोण, वेळ कशी मिळते, सोबत कोण जाणार, हे मी चौकशी करून ठरवलं आणि अण्णांना सांगितलं. ते नाही म्हणाले. मुलाला सांगायचं नाही, घरी सांगायचं नाही.

"भुताला मी कवा भ्यालो न्हाई. डॉक्टरच्या कागदाला भितो," ते म्हणाले. "त्यावर लिवून आलं की संपलंच की."

मी म्हटलं, लिहून आलं नाही तरी जे आहे ते आहेच. आणि अक्कांना सांगितल्याशिवाय मी एक पाऊल पुढे टाकणार नाही. अक्का म्हणजे त्यांची पत्नी. त्यानंतर चार दिवस ते आले नाहीत. पाचव्या दिवशी अक्काच आल्या. त्या वाचनालयात कधी यायच्या नाहीत. मेलेली माणसं वाचत बसणाऱ्यांची ती जागा, असं त्यांचं मत होतं. त्या उभ्या उभ्याच बोलल्या. काहीतरी बिनसलंय हे त्यांना कधीच कळलं होतं, पण विचारलं की तोंडापुढं पुस्तक धरायचे. आता सांगितलंय. मिरजेला कधी जायचं?

मी त्यांना अण्णांच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितलं.

डॉक्टरीणबाई मोकळ्या बोलणाऱ्या होत्या. त्यांनी अण्णांना बरेच प्रश्न विचारले, थोरल्या भावाचंही ऐकून घेतलं, रक्त तपासायला पाठवलं, मेंदूचा फोटो काढायला लावला. पिशवीतल्या गोळ्या एकेक करून बघितल्या. अॅसिडिटीवरची गोळी किती वर्षं घेता, असं विचारलं, तर अण्णांना आठवेना आणि अक्काही सांगू शकल्या नाहीत, इतकी ती जुनी होती.

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं पुन्हा गेलो. नंबर येईपर्यंत अण्णांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

आत गेल्यावर बाईंनी कागद वाचले आणि आधी तेच सांगितलं जे ऐकायला आम्ही आलो होतो. "हा तुमच्या भावाचा आजार नाही." बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व जवळजवळ संपलं होतं. पूर्ण शाकाहारी जेवण, दूध-दही अण्णांनी काही वर्षांपूर्वी डॉक्टरला न विचारता बंद केलेलं, त्यात वर्षानुवर्षांची ती गोळी. अशानं विसरायला होतं, पाय जड होतात, माणूस गप्प होतो. इंजेक्शनं घ्यायची, ती गोळी थांबवायची, धीर धरायचा. बऱ्याच प्रमाणात भरून येईल, असं त्या म्हणाल्या. सगळं येईल असा शब्द त्यांनी दिला नाही.

बरंच आलं. एकदम नाही, हळूहळू. महिन्या-दोन महिन्यांनी अण्णा निकाल द्यायला लागले. आणि एकदा मास्तर माझ्यापुढे उभे असताना, त्यांच्या हातातल्या नव्याकोऱ्या कादंबरीकडे बोट दाखवून, कुणी न विचारता म्हणाले, "जावई. ताकातनं विष."

मास्तरांनी पाटीकडे हात केला. मी त्यांना म्हटलं, आजच्या दिवस ऐकून घ्या. त्यांना त्याचं कारण सांगितलं नाही, आणि त्यांनी अजून मला माफ केलेलं नाही.

गेल्या वर्षी अण्णा आणि अक्का मुलीकडे हुबळीला राहायला गेले. तिथं मराठी पुस्तकं मिळत नाहीत, म्हणून मुलगा इथून नेऊन देतो. टेबलापुढची ती खुर्ची आता दुसरी माणसं ओढून बसतात. मला काही वाईट वाटत नाही. माणूस शुद्धीत, हसत, सामान बांधून गेला. यापेक्षा बरं जाणं मला ठाऊक नाही.

मला ते आठवतात ते मात्र त्या दिवशीचे, रिपोर्ट घेऊन बाहेर आल्यावरचे. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाक होता. अण्णा त्यावर बसले ते उठेनात. शेजारी पेशंटची गर्दी. अक्कांना एकदम हलकं वाटलं असणार, कारण त्या बोलायलाच लागल्या.

"ह्यांचं सांगू का ताई? कैक महिनं झालं, न्हाणीत आंघोळीला गेले की माझं नाव घेत्यात. पुन्ना पुन्ना. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, मागनं कधी न्हाई. घरात आपलं 'अगं' आन् 'आयकलं का'. मी दाराशी उभं राहून आयकायची. म्हटलं, ह्या वयात ह्या बाबाला झालंय तरी काय."

मला हसू आलं. अण्णा हसले नाहीत. पायांकडे बघत म्हणाले, "पाठ करत हुतो. थोरल्यांसारखं झालं तर एवढं तरी ऱ्हावं म्हणून."

अक्कांनी रिपोर्टाची पिशवी त्यांच्या मांडीवरून घेतली, गाठ सोडली आणि परत बांधली. मग म्हणाल्या, "आता पाठ करायचं काय कारण न्हाई."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "पण सवय लागली." आणि त्या सगळ्या गर्दीत गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. "चल राजमती, रिक्षा बघू."

"हळू म्हणा, लोकं हायती," असं म्हणत अक्कांनी पदर पुढे ओढला आणि इकडंतिकडं बघितलं.

रिक्षा मिळेपर्यंत अण्णांनी ते नाव आणखी दोनदा घेतलं. दोन्ही वेळा अक्का 'ओ' म्हणाल्या.