त्रिकोणांची रेघ सगळ्यात वर होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या बाईंना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — जाऊ द्या, आता सुरुवात झालीच आहे.

मी फिजिक्सचा प्राध्यापक. शेवगाव तालुक्यातलं एक लहानसं कॉलेज, पुढे मैदान, मागे कांद्याची शेतं. विषय फिजिक्स असला तरी स्टाफरूममध्ये माझी खरी ख्याती वेगळी होती. कुणाचा आलेख बिघडला, अक्षरांच्या जागी चौकोन आले, रेघांच्या नावांची ती चौकट — लिजंड म्हणतात तिला — नेमकी रेघांच्या डोक्यावर जाऊन बसली, की हाक यायची, “गाडेसरांना बोलवा.” मग मी यायचो. खुर्ची मागे सरकवायचो, बाह्या वर करायचो, माऊस हातात घेण्याआधी क्षणभर थांबायचो. उगाच. लोकांना बघायला बरं वाटतं. मलाही.

मी तर या विषयावर स्टाफसाठी एक कार्यशाळासुद्धा घेतली होती. नाव — ‘निर्दोष आलेख’. शेवटी प्रमाणपत्रं वाटली. त्यावर सही माझीच.

हे आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं ते याच मिजाशीतून झालं.

बॉटनीचे प्रमुख भापकर सर. गोलमटोल, प्रसन्न, कुणालाही चहा पाजणारे, आणि स्वतः तयार केलेल्या एका काढ्यावर मुलासारखं प्रेम करणारे. काढ्याचं नाव ‘संजीवन’. कांद्याचं बी पेरण्याआधी त्यात भिजवायचं, म्हणजे रोप दाट उगवतं, असा त्यांचा दावा. काढ्यात काय काय होतं ते विचारू नका. वासावरून काही अंदाज यायचे, पण ते छापण्यासारखे नाहीत.

त्यांच्याच विभागात शेख मॅडम. बारीक, शांत, खडूचा शेवटचा तुकडासुद्धा डबीत जपून ठेवणाऱ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, “सर, आमचे अब्बा पहिल्यापासून पातळ ताकात बी भिजवतात. रोप चांगलं येतं. एकदा मोजून तरी बघू.” अब्बांची शेती शेवगावजवळच. मॅडम ताकाबद्दल बोलायला लागल्या की आवाजात एक वेगळीच लकब यायची. ते शास्त्र नव्हतं नुसतं, ते घर होतं.

भापकर सर मोठ्या मनाचे. म्हणाले, “लावा शर्यत! संजीवन, ताक आणि साधं पाणी. आणि पंच कोण? गाडे! त्यांना फिजिक्समुळे कांद्यातलं काही कळत नाही.”

तर पंच मी. बी मी भिजवलं, धुतलं, सावलीत सुकवलं, आणि तीन पाकिटांवर नुसतं अ, ब, क लिहिलं. कुठलं अक्षर कशाचं, ते एका चिठ्ठीवर लिहून माझ्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि स्वतःही विसरून गेलो. किल्ली जानव्याला बांधावी तशी गळ्यातल्या दोरीला बांधली. ट्रे भरले, बी पेरलं, रोज उगवलेली रोपं मोजली गेली. मोजणारे सर आणि मॅडम दोघंही. कुठला ट्रे कुणाचा हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. अ ट्रे पहिल्यापासून पुढे होता. दोघंही त्याच्याकडे बघून मनातल्या मनात हसत होते — मी पाहिलंय.

आकडे माझ्याकडे आले. कॉलेजच्या मैदानावर शेतकरी मेळावा ठरला होता, तिथे निकाल दाखवायचा होता. आता बघा, शहाणा माणूस काय करेल? चिठ्ठी उघडेल, सरांना आणि मॅडमना बोलावून निकाल सांगेल, मग आलेख काढेल. मी म्हणालो, “नाही! निकाल मेळाव्यातच उघडायचा. भल्यामोठ्या फ्लेक्सवर. पडदा बाजूला — आणि समोर निकाल!” मला नाट्य लागतं. काय करू?

मी एकट्याने चिठ्ठी उघडली आणि, कुणाचे आकडे मोठे ते न बघता, तक्त्यात अ, ब, क काढून नावं भरली. पहिल्या ओळीत संजीवन — विभागप्रमुखांचा मान. मग साधं पाणी. शेवटी ताक. मग रेघांना खुणा दिल्या. संजीवनला गोल, कारण सर. पाण्याला चौकोन. ताकाला त्रिकोण, कारण मॅडमचा ओढणी डोक्यावरून घ्यायचा तो नेटका कोन — असं काहीतरी सुचलं होतं. एवढा बारीक विचार मी केला! आणि ‘आलेख काढा’चं बटण दाबलं.

तीन झकास रेघा आल्या. आणि लिजंडमध्ये — चौकोन. नुसते रिकामे चौकोन, रांगेत. मराठी गायब.

तुम्ही म्हणाल, रेघा तर दिसत होत्या ना? कोण जिंकलं ते तेव्हाच कळलं असेल? नाही! शपथेवर सांगतो, मी तिकडे बघितलंच नाही. मी बघत होतो त्या चौकोनांकडे. ज्याने ‘निर्दोष आलेख’ची प्रमाणपत्रं वाटली, त्याच्या आलेखात चौकोन? फॉन्ट बदलला. अक्षरं आली, पण ‘संजीवन’ची वेलांटी ज च्या पुढे न राहता मागे, एकटीच हवेत. दुसरा फॉन्ट लावला. वेलांटी परत आली तर ताकाचा काना पडला. पडद्यावर नीट दिसलं म्हणून निर्यात केलं, तर बाहेर आलेल्या चित्रात पुन्हा चौकोन. चित्र मोठं केलं तर अक्षरं दाण्यादाण्यांची. फ्लेक्सवाल्याचा नगरहून फोनवर फोन, “सर, फाइल कर्व्हज करून, म्हंजी अक्षरांची चित्रं करून पाठवा, न्हाईतर माझ्याकडं तुमचे अक्षरं उडतील. आन लवकर, मशीन थांबलंय!”

मग मी तो निर्णय घेतला ज्याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. लिजंड पुसून टाकलं. आलेख बिनानावाचा बाहेर काढला आणि नावं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, माझ्या लाडक्या जुन्या फॉन्टमध्ये, हाताने टाइप करून प्रत्येक रेघेच्या टोकाशी चिकटवली. लिजंडशिवाय आलेख! वाचणाऱ्याला डोळे इकडेतिकडे न्यायची गरज नाही! हे तर कार्यशाळेतही सांगितलं नव्हतं.

नावं चिकटवताना समोर तक्ता होता. तक्त्यात पहिलं नाव संजीवन. मी ते सगळ्यात वरच्या रेघेला लावलं. दुसरं पाणी — मधल्या रेघेला. तिसरं ताक — खालच्या रेघेला. यादी वरून खाली, रेघाही वरून खाली. किती सरळ, नाही का? फाइल पाठवली. वेलांटी एकदम जागेवर होती.

मेळाव्याच्या दिवशी मंडप गच्च. पडदा सरला. टाळ्या! भापकर सरांच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी मला स्टेजवर ओढलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. माइकवर म्हणाले, “असा निःपक्षपाती माणूस आपल्या कॉलेजला लाभला!” मी शालीतून मान वळवून, जरा तिरक्या कोनातून — फोटोत चांगलं येतं — माझ्या फ्लेक्सकडे पाहिलं.

सगळ्यात वरच्या रेघेवर त्रिकोण होते.

एक त्रिकोण, दुसरा त्रिकोण, टोकापर्यंत त्रिकोणच त्रिकोण, आणि टोकाशी माझ्या सुबक अक्षरात — संजीवन. सगळ्यात खाली, जमिनीला चिकटून सरपटणाऱ्या रेघेवर सरांचे गोल. टोकाशी — ताक. साध्या पाण्यानेसुद्धा संजीवनला हरवलं होतं! आणि हे त्या अख्ख्या मंडपात एकाच माणसाला कळत होतं, कारण कुठली खूण कुणाची हे फक्त त्यालाच माहीत होतं. त्याच्या हातात नारळ होता.

पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठले. “आवं सर, ताकात भिजवल्यालं साध्या पान्यापरीस बी कमी उगवतंय? मंग आमी इतके दीस काय येडेपना करत हुतो व्हय?” मंडप हसला. भापकर सर हसले. ज्यांनी असं विचारलं ते हसले नाहीत, खाली बसले. मला नंतर कळलं, ते शेख मॅडमचे अब्बा.

तेव्हा उठून माइक घ्यायचा होता. दोन वाक्यं. “मंडळी, नावं उलटी लागली. चूक माझी.” झालं असतं. लोक हसले असते, शाल काढून घेतली असती का? मुळीच नाही. मी काय केलं? नारळ या हातातून त्या हातात घेतला.

पण ही झाली भित्रेपणाची गोष्ट. भित्रेपणा मी तुम्हाला सहज सांगू शकलो असतो, चहाबरोबर. खरी गोष्ट पुढची.

दुसऱ्या दिवशी शेख मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. उभ्याच. म्हणाल्या, “सर, माझं काही म्हणणं नाही. निकाल तो निकाल. फक्त एकदा ती चिठ्ठी परत बघाल का? तुमच्याच डोळ्यांनी. मला दाखवू नका.”

मला दाखवू नका — कळतंय का तुम्हाला? एवढा विश्वास!

मी उठलो. दोरीतून किल्ली काढली. कपाट उघडलं, चिठ्ठी काढली, उलगडली. चष्मा लावला. ‘अ — ताक’ असं माझ्याच अक्षरात होतं. मी ते वाचलं, हळूच मान हलवली, चिठ्ठीची घडी केली, कपाट बंद केलं, कुलूप ओढून पाहिलं. या सगळ्याला जितका वेळ लागायला हवा तितका नीट लावला. आणि वळून म्हणालो, “बघितली मॅडम. बरोबर आहे.”

“थँक यू, सर,” त्या म्हणाल्या. आणि गेल्या.

का? भापकर सरांची भीती? ते तर चहा पाजून मोकळे झाले असते. ‘निर्दोष आलेख’? हो, तेच. एवढंच. एका लिजंडसाठी मी त्या बाईंचं ताक सांडलं.

अब्बांनी त्या वर्षी ताक सोडलं. लेकीनेच सांगितलं, “अब्बा, मोजून पाहिलंय, आता संजीवन वापरा.” रोप विरळ आलं. त्यांना वाटलं, बीच खोटं निघालं. दुकानदाराशी भांडून आले.

आणि मी? माझी पण गावाकडे थोडी शेती आहे. कांदा असतो. मी बी कशात भिजवतो? — हसा, मला माहीत होतं तुम्ही हसणार. दरवर्षी पेरणीच्या आधी बायकोकडे जाऊन उभा राहतो आणि ती रवी थांबवून विचारते, “पुन्हा एवढं ताक? पिणार आहात की पेरणार आहात?” मी म्हणतो, “पोटाला थंड असतं.” आणि बादली घेऊन शेतात जातो, बांधावर कुणी नाही असं बघतो, आणि बी भिजवतो. माझं रोप हिरव्या गालिच्यासारखं येतं. शेजारी वाकून विचारतात, “सर, काय वापरता?” मी म्हणतो, “संजीवन.”

एकदा मॅडमही पाहून गेल्या. वाफ्याशी उकिडव्या बसल्या, रोपावरून हात फिरवला. म्हणाल्या, “म्हणजे आमच्याकडेच काहीतरी चुकतंय. अब्बा कदाचित संजीवनमध्ये जास्त वेळ भिजवत असतील.” मी म्हणालो, “शक्य आहे.” इतक्या सहज म्हणालो की मलाच खरं वाटलं.

आता शेवटचं. हे झालं नसतं तर मी आज लिहायला बसलो नसतो.

परवा मॅडमनी पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर व्याख्यान ठेवलं होतं. विषय, शास्त्रज्ञाची वृत्ती. मला म्हणाल्या, “तुम्ही आलंच पाहिजे.” मी मागच्या बाकावर बसलो. त्यांनी पडद्यावर एक चित्र लावलं — माझाच आलेख. तीन रेघा, टोकांशी सुबक नावं. आणि मुलांना म्हणाल्या, “ही सगळ्यात खालची रेघ दिसते? ही माझी. माझ्या वडिलांची. मला खात्री होती की आम्ही बरोबर आहोत. आम्ही चुकीचे निघालो. वाईट वाटलं. पण मोजमापापुढे आपलं प्रेम बाजूला ठेवायचं असतं, तेच शास्त्र. मी ताक सोडलं. अब्बांनाही सोडायला लावलं. मला त्याचा अभिमान आहे.”

एका मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग टाळ्या. मीही वाजवल्या. नसत्या वाजवल्या तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

मॅडमनी मागे बोट केलं. “आणि हे गाडेसर. चिठ्ठी यांच्याकडे होती. मी शंका घेतली तेव्हा यांनी न चिडता पुन्हा कपाट उघडून पाहिलं. अशी माणसं असतात म्हणून आपण निकालावर विश्वास ठेवू शकतो. यांच्यासाठीही टाळ्या.”

सगळा वर्ग माझ्याकडे वळला.

मी उभा राहिलो. दोन्ही हात जोडले, मान जराशी झुकवली, आणि टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत तसाच उभा राहिलो.