शबानाच्या हाती बर्फाची पेटी देणारे

सकाळी साडेसातला शबानाच्या भावाचा फोन आला. "ताई, आपा गेली..." एवढंच बोलला. मुरगूडहून कोल्हापूरला येताना ट्रकनं तिची स्कूटर उडवली होती. त्याला दीड महिना झाला. रडून झालंय. आता राग उरलाय, आणि तो मला शांत करायचा नाही.

खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार शिकवणाऱ्या पदवीच्या वर्गात आम्ही शेजारी बसायचो. शबाना शिंप्याची मुलगी, वर्गातली एकटी मुसलमान. सांध्यावर बोटं ठेवली की दुखणं नेमकं कुठं आहे ते सांगायची. पण प्रात्यक्षिकासाठी संघ वाटले तेव्हा विभागप्रमुख सर तिला म्हणाले, "संघ बाहेरगावी जातो. तुमच्यात चालतं का ते?" दुसऱ्या दिवशी तिचे वडील येऊन, चालतं, म्हणून सांगून गेले. तरी आम्हा सगळ्यांना संघ मिळाले आणि तिला बर्फाची पेटी. दोन वर्षं ती मैदानाच्या कडेला बर्फ फोडत उभी राहिली. "सोडून दे की," मी एकदा म्हटलं. "जातो कुठं मी?" ती म्हणाली. "डिग्री घेऊनच जातो."

शेवटच्या वर्षी कबड्डीच्या सामन्यात एका मुलीचा गुडघा पिरगळला. संघ माझा, पण मी गांगरले. शबाना पेटी टाकून धावली. "हिला उठवू नका, लिगामेंट गेलंय!" असं ओरडत तिनं पाय फळीला बांधला. पुढं डॉक्टर म्हणाले, त्या वेळी मुलीला चालवलं असतं तर गुडघा कायमचा गेला असता. अहवालात सरांनी उपचार करणारी म्हणून माझं नाव लिहिलं... आणि मी सही केली.

"सरांचं सोड," शबाना म्हणाली. "सही तू केलीस की." तीन महिने बोलली नाही. मग एक दिवस डबा घेऊन शेजारी बसली. "माफ केल्यालं न्हाय. पर तुझ्याबिगर भांडू कुणाशी?"

पुढं तिनं राजारामपुरीत एक खोली घेतली. शाळांतल्या खेळणाऱ्या मुली तिथं उपचाराला यायच्या.

पंधरवड्यापूर्वी सरांचा फोन आला. विभागाच्या स्मरणिकेत 'आमची गुणी विद्यार्थिनी' म्हणून तिचा फोटो छापायचा होता, चार ओळी माझ्याकडून हव्या होत्या.

"लिहिते," मी म्हटलं. "पेटीचं लिहिते, अहवालाचंही लिहिते."

"अहो, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं."

"तिच्याबद्दल चांगलंच लिहिणार आहे, सर. तुमच्याबद्दल नाही."

त्यांनी फोन ठेवला. त्याच दुपारी मी विद्यापीठाला लेखी कळवलं, की त्या अहवालावरची माझी सही खोटी साक्ष आहे. आता आम्हा दोघांकडेही खुलासा मागितलाय. सर पुढच्या वर्षी मानानं निवृत्त होणार होते. तो मान मला त्यांना मिळू द्यायचा नाही. त्यात माझी शिकवायची नोकरी गेली तर जाऊ दे, तेवढं माझ्याकडून शबानाचं येणंच आहे.

आता दर शनिवारी मी तिची खोली उघडते. दुखऱ्या पायाला हात लावण्याआधी ती मुलीचं नाव विचारायची, पूर्ण, आडनावासकट. परवा पाय मुरगळून एक मुलगी आली. खाली बघत नुसतंच "नाझ" म्हणाली आणि थांबली.

"पूर्ण सांग की," मी म्हटलं. "मोठ्यानं."