साधूचं शरबत अन् शिवरात्रीची आमटी

मी जन्मात एकदाच दारू प्याली, अन् तीही महाशिवरात्रीच्या कडक उपासाले.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं. नाही फिरलं. त्या दिवशी फिरलं होतं, पण ते पुढे सांगते.

चौथी शिकली मी. आमचे मालक उरल्याच्या मिलमध्ये तापलेलं लोखंड ओढू ओढू लवकरच गेले. पदरात तीन लेकरं. तेव्हापासून आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मराठी मंडळाचा सैपाक मी करते. तीस वर्षं झाली. रडत नाही बसली. रडायले वेळ लागते, अन् साबुदाणा तर टायमावर भिजला पायजे!

तर माझा नातू निखिल. सिलतऱ्याच्या एका प्लांटमध्ये इंजिनेर आहे. त्याले कंपनीनं मशीन शिकायले बेल्जियमले पाठवलं. मले बेल्जियम म्हणजे आरसा माहीत. जुन्या लोकांच्या घरी बेल्जियमचा आरसा राहे. हा लेकाचा आरसा सोडून दोन बाटल्या घेऊन आला! काळ्याभोर, जाड काचेच्या, वर बूच, अन् बुचावर तारेची जाळी. जसं आत काही जिवंत कोंडलं आहे.

"हे काय होय रे?" मी विचारलं.

"कुछ नहीं आजी. साहब के लिए है. फ्रिज में रहने दो." (इकडे हिंदी मुलखात वाढला. मराठी त्याले सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच निघते.)

"पण आहे काय?"

पोट्टा चाचरला. आमच्या घरात दारूचं नाव काढलं तर मी चिमटा फेकून मारते, हे पाऱ्यातल्या कुत्र्यालेही माहीत आहे. म्हणे, "वो... ॲबे का है, आजी."

"अबे? कोणाले अबे म्हणून राहिला तू? आजीले?"

"अरे नहीं! ॲबे मतलब मठ. साधु लोग रहते हैं न, वही बनाते हैं. कई सौ साल से."

हे ऐकून मी चिमटा खाली ठेवला. मठातलं म्हटल्यावर मारू कसं! मी बाटली हातात घेतली. खरंच, वर चित्र होतं, टकलू साधू, लांब झगा, हातात पेला.

मग मी खोदू खोदू विचारत गेली अन् तो फसत गेला. खोटं एकही बोलला नाही, हे त्याचं कसब! म्हणे, तिथं जुन्या काळी पाणी खराब होतं, लोक प्यायले की बिमार पडत. साधू हे उकळून बनवत, म्हणून लोक पाण्याऐवजी हेच पीत.

"आमच्या नळाले किती वर्षं लाल पाणी येत होतं," मी म्हटलं, "आम्हाले तर कोणी साधूनं काही देल्लं नाही!"

म्हणे, एकदा परक्या फौजेनं मठ पाडले, साधूंले हाकललं. ते वापस आले, भिंती बांधल्या, अन् पहिले चूल पेटवून हेच बनवलं. अन् ते साधू फार बोलत नाहीत. चुपचाप काम करतात.

"चुपचाप सैपाक करते अन् बोलत नाही? मग मी तीस वर्षांपासून साधूच होय!"

"इसमें डालते क्या हैं?" मी त्याच्याच भाषेत विचारलं, म्हणजे टाळता येऊ नये.

"जौ, आजी. और खडीसाखर."

जव! हवनात जातो तो. खडीसाखर! प्रसादाची. "अन् हे उपासाले चालते काय?"

इथं पोट्ट्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे, साधु लोग तो उपवास में ही पीते थे! खाना बंद रहता था, इसी से ताकत आती थी."

बस. माझ्या मनानं शिक्का मारला. साधूचं शरबत, जवाचं, खडीसाखरेचं, उपासाचं. अन् गावाच्या नावातच बेल! बेल-जियम! शंकराचं गाव नाही तर कोणाचं?

आता माझी अडचण ऐका. यंदा आमच्या मंडळात सुमनबाई सेक्रेटरी झाल्या. बँकेतून रिटायर झालेल्या, चष्म्याच्या वरून पाहणाऱ्या. त्यांनी मले बोलावून सांगितलं, "मावशी, तुमचं वय झालं. लोक म्हणतात, फराळाला पूर्वीची चव नाही. शिवरात्रीचा फराळ बघू. जमला तर ठीक, नाहीतर पुढच्या एकादशीपासून केटरर."

मी "हव" म्हटलं अन् घरी आली. घरी येऊन भिंतीकडे पाहत बसली. तो सैपाक गेला तर मी करू काय? पोरं म्हणतात, आराम कर आजी. आराम! ते मले येतच नाही. कोणी शिकवलंच नाही.

शिवरात्रीले मी अंधारातच उठली. जाताना दोनातली एक बाटली पिशवीत टाकली. (निखिलचा साहेब मी पाहिला आहे. तो माणूस उपास करणाऱ्यातला दिसत नाही. त्याले एक पुरे.)

दहा वाजेपर्यंत खिचडी झाली, भगर झाली, दाण्याची आमटी चुलीवर चढली. दीडशे माणसाचं गंज, हे एवढं मोठं पातेलं! माझ्या पोटात पाण्याचा घोट फक्त. डोळ्यापुढे काजवे. मी तारेची जाळी सोडली, बूच थोडं हलवलं, अन् फाट्!! बूच छताले लागून भगरीच्या पातेल्यात! अन् बाटलीतून फेस, जसं दूध उतू गेलं. मी पदर लावला, मग तोंड लावलं. परसाद वाया कसा जाऊ द्यायचा?

चव सांगू? पहिले वाटलं जळका गूळ. मग भिजवलेली खारीक. त्यामागून लवंग, अन् जास्त पिकलेल्या केळ्याचा वास. शेवटी जिभेच्या मुळाशी कडू, काढ्यासारखं. मी म्हटलं, औषधी आहे! कडू आहे म्हणजे गुणाचं आहे! एक ग्लास झाला. काजवे गेले. दुसरा झाला. गुडघ्याचं दुखणं गेलं. तिसऱ्यात गुडघेच गेले! माय वं, पाय कुठं आहेत तेच समजेना. मी मनात म्हटलं, काय ताकद आहे साधूची!

तेवढ्यात आमटीत गूळ टाकायची वेळ झाली. डबा उघडला तर आत मुंग्यांची वरात! आता? बाहेर अभिषेक संपत आला. मी बाटलीकडे पाहिलं. जळका गूळ, खारीक, लवंग... मी उरलेली सगळी बाटली गंजात उलटी केली. अन् चुलीवर दणक्यात उकळी येऊ देल्ली.

सुमनबाई आल्या. "मावशी, झालं का?"

मी तीस वर्षांत "हव" च्या पुढे बोलली नव्हती. त्या दिवशी तोंडच बंद होईना!

"झालं की! पण तुम्ही एक सांगा, तीस वर्षं मी सगळ्यांले वाढून राहिली, कोणी विचारलं, मावशी तू जेवली काय? चव पूर्वीची नाही म्हणता! पूर्वीचे दात तरी आहेत काय तुमच्या लोकांले?"

सुमनबाईंचा चष्मा खाली घसरला. "मावशी, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी तर फस्क्लास आहे! बसा! चाखा!" मी वाटी भरून त्यांच्या हातात कोंबली. (वाटी म्हणून मी पहिले झारा देल्ला होता, असं त्या नंतर बोलल्या.)

त्यांनी घोट घेतला. थांबल्या. परत घेतला. अन् वाटी पुढे केली.

अन् तेव्हाच निखिल धावत आला. "आजी! वो बॉटल कहाँ है? फ्रिज में एक ही है!"

"साधूचं शरबत? अर्धं मी पेली, अर्धं आमटीत."

पोट्ट्यानं भिंत धरली. माझ्या कानाजवळ येऊन हळूच म्हणे, "आजी... वो बीयर थी. सबसे तेज़ वाली."

मले ना चिमटा सापडला, ना तो फेकायले हात उचलला. बाहेर दीडशे माणसं पंगतीत बसलेली. ओतून द्यावी तर फराळ बुडाला, अन् माझा सैपाकही गेला. निखिल म्हणे, उकळीत नशा उडून जाते, आजी, फक्त चव राहते. मी सुमनबाईंकडे पाहिलं. त्या तिसरी वाटी भरून घेत होत्या. मी वाढा म्हटलं.

गंज असं पुसलं गेलं की घासायची गरज नाही! लोक बोटं चाटून राहिले. अन् मी कोठीत साबुदाण्याच्या पोत्यावर दुपारभर झोपली.

दुसऱ्या दिवशी डोक्यात कोणी पोहे कुटून राहिलं होतं. तरी मी सुमनबाईंच्या घरी गेली. सैपाक गेला तर गेला, पण खोटं मले पचत नाही. सगळं सांगितलं. बाटली, साधू, मुंग्या, सगळं.

त्या म्हणाल्या, "मावशी, मी किती वाट्या घेतल्या?"

"तीन मी पाहिल्या. मग मी झोपली."

त्यांनी उठून दार लावून घेतलं. "हे तुम्ही मला सांगितलं नाही, आणि मी ऐकलं नाही. एकादशीला सकाळी लवकर या. केटररला मी 'नको' म्हणून सांगितलंय."

तर सैपाक राहिला. पण आता दर एकादशीले मी मुंग्या नसलेला गूळ घालते, मन लावून आमटी करते, अन् पंगतीतून कोणी ना कोणी म्हणतेच, "मावशी, चांगली आहे, पण शिवरात्रीसारखी नाही." तीस वर्षं शुद्धीत राहून सैपाक केला बाई, अन् लोकांच्या जिभेवर राहिली ती मी टुन्न होऊन केलेली आमटी!