बाजारात न ओळखणाऱ्या बाई

गोल बाजारात बाई समोरून आल्या, की माझ्याकडे अशा बघायच्या जणू मी विजेचा खांब आहे. खांबाला निदान माणूस वळसा तरी घालतो! भाजी निवडता निवडता सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण रायपूरचे मराठी लोक. आपल्यात हा गुन्हाच नाही का, तुम्हीच सांगा.

आणि याच बाई आदल्या दिवशी ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या दोन खुर्च्यांच्या खोलीत तासभर माझं ऐकत होत्या. घटस्फोटानंतर आतून मोडलेल्या बायकांना सावरणं, हेच त्यांचं काम.

पुढच्या भेटीत मी तोफच डागली. "काहून हो बाई, बाजारात मले ओळखलं नाही?"

"तू आधी बोलली तर मी बोलीन. तुझ्यासोबतच्यानं विचारलं, ह्या कोण, तर काय सांगशील? ते तू ठरव."

मी गप्प झाले. रायपूरच्या इतिहासात हे एकदाच घडलं.

कारण आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मी सांगून ठेवलं होतं, नवरा जहाजावर आहे. सहा महिन्यांत मी त्याला कप्तान केलं, तीन वादळं परतवायला लावली, एका देवमाशाशी दोस्तीही करून दिली. शेजारच्या काकू त्याच्यासाठी लोणचं पाठवायला निघाल्या होत्या.

बाईंना हे प्रताप ऐकवले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "हव. अन् घरी एकटी असते तेव्हा?"

त्यांच्या त्या होकाराच्या 'हव'मध्ये कीव नसे, घाई नसे. हव म्हणून त्या थांबत. त्या दिवशीही थांबल्या. शेवटी मी म्हणाले, "अजूनही दोन कप चहा करते. एक मोरीत ओतते."

"उद्याही दोनच झाले तर होऊ दे," त्या म्हणाल्या. "फक्त मले खरं सांगजो."

दोन वर्षांनी चहा एक कप झाला. जहाज मात्र पाऱ्यात चालूच होतं.

शेवटचं दर्शन बाजारातच. बाई फार वाळल्या होत्या, डोक्याला रुमाल. नजर माझ्यावरून तशीच सरकली. मी हाक मारायला तोंड उघडलं, तोच सोबतच्या काकूंनी विचारलं, "कोण वं?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

महिन्याभरात बाई गेल्या.

घरच्यांना भेटायला निघाले, तर "कोणाकडे वं?" म्हणत काकूही सोबत आल्या. फोटोसमोर सतरंजीवर नातेवाईक बसले होते. मागे भिंतीशी सात-आठ बायका उभ्या, बाजारातल्या बाईंसारख्याच एकमेकींना न ओळखता. बाईंच्या मुलानं मला विचारलं, "आप आई को कैसे जानती थीं?"

शंभर थापा जिभेवर रांग लावून उभ्या राहिल्या.

"माझा घटस्फोट झालाय," मी म्हणाले. "त्यानंतर मी त्यांच्याकडे येत होते."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मुलानं नातेवाइकांच्या ओळीत मला जागा करून दिली.

थोड्या वेळानं भिंतीकडून एक बाई आली. बीरगावच्या कुठल्याशा कारखान्याचा निळा कोट अंगात तसाच.

"दीदी," ती हळूच म्हणाली, "थोडा सरकिए."

मी सरकले.